मतदान बारामतीचं, चर्चा मोबाइलवर

७ मे २०२४. बारामती लोकसभेचं मतदान सुरू होतं. इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्णे गावात आमदार दत्तात्रय भरणे यांची एका कार्यकर्त्याशी झालेली बाचाबाची मोबाइलवर टिपली गेली आणि मतदान चालू असतानाच ती चित्रफीत राज्यभर फिरली. धमकावल्याचा आरोप भरणे यांनी फेटाळला. पण अशा वेळी खुलासा निघेपर्यंत चित्रफीत घराघरांत पोहोचलेली असते, आणि मतदाराला शहानिशा करायला सवडच मिळत नाही. काळजी याची वाटते. जाहीर प्रचार मतदान संपण्याच्या वेळेआधी ४८ तास थांबतो. गावागावांतले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालूच राहतात.

तरी निकालाचं सगळं श्रेय किंवा दोष मोबाइलला देणं चूक ठरेल. लोकसभेला सुप्रिया सुळे १,५८,३३३ मतांनी जिंकल्या. मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेला बारामतीत सुळे यांच्या विरोधी गटाचे अजित पवार १,००,८९९ मतांनी निवडून आले, इंदापुरात त्यांच्याच गटाच्या भरणे यांनीही जागा राखली. मतदार तेच, हातातले फोनही तेच.

रुमानियात मात्र डिसेंबर २०२४मध्ये घटनात्मक न्यायालयाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरीच रद्द केली. टिकटॉकवरच्या संशयास्पद प्रचाराचा मुद्दा त्यात कळीचा होता.

आपल्याकडे उमेदवाराला समाजमाध्यमांवरील खात्यांची माहिती प्रतिज्ञापत्रात द्यावी लागते, तिथल्या जाहिराती आधी प्रमाणित करून घ्याव्या लागतात आणि त्यांचा खर्च निवडणूक खर्चात धरला जातो. आचारसंहिताभंग दिसला, तर निवडणूक आयोगाच्या ‘सी-व्हिजिल’ अ‍ॅपवर फोटो किंवा चित्रफीत टाकून कोणालाही तक्रार करता येते. कारवाईसाठी १०० मिनिटांची मुदत आहे.