पाणी आटलं की अ‍ॅलिगेटर स्वतःचं तळं कसं राखतो?

अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिणेला एव्हरग्लेड्स नावाची प्रचंड पाणथळ जागा आहे. पावसाळ्यात तिथे मैलोन्‌मैल उथळ पाणी असतं. हिवाळा सुरू झाला की ते आटायला लागतं आणि एप्रिल-मेपर्यंत ठिकठिकाणी फक्त डबकी उरतात.

यातली बरीच डबकी अ‍ॅलिगेटरच्या मेहनतीची असतात. तोंड, पाय आणि शेपटीने तो चिखल-गवत उपसतो आणि खड्डा खोल ठेवतो. या खड्ड्यांना 'गेटर होल' म्हणतात. मासे, कासवं, बेडूक जीव वाचवायला इथेच गोळा होतात. त्यांच्यामागे बगळे, करकोचे येतात. थोडक्यात, अ‍ॅलिगेटरला शिकार शोधत फिरावं लागत नाही, जेवण घरपोच येतं!

शिकार मात्र चटकन होते. फक्त डोळे आणि नाकपुड्या पाण्याबाहेर ठेवून तो निपचित पडून राहतो. जबड्यावरच्या बारीक उंचवट्यांना पाण्यातली हलकीशी लहरही कळते, त्यामुळे मिट्ट अंधारातही नेम चुकत नाही. भक्ष्य मोठं असेल तर ते पकडून तो पाण्यात गरागरा फिरतो आणि लचका तोडतो. जबडा मिटण्याची ताकद भयंकर, उघडण्याची मात्र अगदीच कमी. जमिनीवर तो पोट उचलून चार पायांवर चालतो, थोडं अंतर पळतोही, पण लवकर दमतो. डबकं पूर्ण आटलं तर दुसऱ्या पाण्यापर्यंतची पायपीट म्हणूनच जड जाते.

खरी अडचण माणसाने केलेली आहे. विसाव्या शतकात शेती आणि शहरांसाठी कालवे खणून इथलं पाणी वळवलं गेलं. मूळ एव्हरग्लेड्सपैकी जेमतेम निम्मा भाग उरलाय. काही ठिकाणी पाणी फार लवकर आटतं, तर काही ठिकाणी अवेळी सोडलेल्या पाण्यात अंडी बुडतात. बरेच मोठे अ‍ॅलिगेटर बारमाही पाण्याच्या कालव्यांत मुक्काम हलवतात. पण तिथे पिल्लांना लपायला जागा कमी, आणि मागे राहिलेले खड्डे गाळाने भरत जातात. मग मासे आणि पक्षी जाणार कुठे?

1967 मध्ये अ‍ॅलिगेटर धोक्यात आलेला प्राणी म्हणून जाहीर झाला होता, 1987 मध्ये तो त्या यादीतून बाहेर पडला. शिकारीवरच्या बंदीमुळे संख्या वाढली, पाण्याचा प्रश्न तसाच राहिला. 2000 मध्ये एव्हरग्लेड्सचा जुना प्रवाह परत आणण्याची मोठी योजना मंजूर झाली. ती कितपत जमतेय, हे पाहायला शास्त्रज्ञ आता अ‍ॅलिगेटर पकडून त्यांची लांबी आणि वजन मोजतात.