काकडी कडू का लागते? टोक घासल्याने कडूपणा खरंच जातो का?

काकडीचं टोक कापायचं, तेच टोक कापलेल्या भागावर गोल गोल घासायचं आणि पांढरा फेस आला की 'कडूपणा निघाला' म्हणायचं. अनेक घरांत हे वर्षानुवर्षं चालत आलंय. पण त्याचा उपयोग होतो का?

कडूपणा येतो कुठून?
काकडी, दुधी, दोडका ही एकाच कुळातली पिकं. त्यांच्या वेलींमध्ये कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं तयार होतात. किडे आणि जनावरांपासून वेलीचं ते संरक्षण असतं. रानटी काकडी तर अतिशय कडू असते. कमी कडू फळांचं बी पिढ्यान्‌पिढ्या निवडून आजची काकडी तयार झाली. 2014 मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी या कडूपणामागची 9 जनुकं शोधली.

मग आजही एखादी कडू का निघते?
वाणाचा गुण हे एक कारण. दुसरं म्हणजे वेलीवरचा ताण. कडक ऊन, मध्येच तुटलेलं पाणी यामुळे कडूपणा वाढतो. कुंडीत काकडी लावली असेल तर माती कायम ओलसर ठेवा, वर पालापाचोळ्याचं आच्छादन द्या आणि फळं कोवळी असतानाच तोडा.

टोक घासावं का?
कडू द्रव्यं देठाकडे आणि सालीलगत जास्त असतात. त्यामुळे देठाकडचा भाग कापून टाकला की चव सुधारते. हा फायदा कापण्याचा आहे. फेस म्हणजे कापलेल्या भागातून येणारा चीक. घासल्याने आतला कडूपणा बाहेर येतो, याला ठोस पुरावा नाही.

साल काढावी का?
काकडीत सुमारे 95 टक्के पाणी असतं आणि 100 ग्रॅममधून साधारण 15 कॅलरी मिळतात. साल काढली की तंतू आणि 'के' जीवनसत्त्व कमी होतं. म्हणून काकडी कडू नसेल तर नीट धुऊन सालीसकट खा.

पूर्ण काकडीच कडू असेल तर?
सरळ टाकून द्या. कुकुरबिटासिन जास्त प्रमाणात पोटात गेल्यास पोटदुखी, उलट्या, जुलाब होऊ शकतात. 2010 मध्ये दिल्लीत दुधी-कारल्याचा कडू रस प्यायल्यानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला होता. रस करण्याआधी दुधीची छोटी फोड चाखा आणि कडू लागली तर तो दुधी वापरू नका, असा सल्ला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने दिला. काकडीलाही तोच नियम लावा. आधी एक चकती चाखा, मगच कोशिंबीर किंवा रस करा.