ॲम्पला स्पीकर झेपतो का?

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली आणि नोकरीच्या निमित्ताने विदर्भातली कितीतरी मराठी कुटुंबं कारखान्याच्या टाउनशिपमध्ये येऊन राहिली. सेक्टर १० काय किंवा आजूबाजूचे सेक्टर काय, अशा घरांत सत्तर-ऐंशीच्या दशकातला एखादा स्टिरिओ अजून सापडतो. लाकडी पेटीतले स्पीकर ठणठणीत असतात, मान टाकलेली असते ती ॲम्पने. मग घरातला एखादा भाचा ऑनलाइन तळहाताएवढा क्लास-डी ॲम्प मागवतो. खोक्यावर ‘५० + ५० वॉट’ छापलेलं असतं. मामा विचारतात, “अरे, माझे स्पीकर वीस वॉटचे आहेत, जळतील की!”

जळायचे नाहीत, निदान त्या आकड्यामुळे तरी नाहीत. आधी तो ५० वॉटचा आकडाच तपासू. अशा बऱ्याच छोट्या ॲम्पमध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए-३११६ ही चिप असते. ती चॅनलमागे ५० वॉट देते हे खरं, पण २१ व्होल्टवर, ४ ओहमच्या स्पीकरला आणि तेही १० टक्के विकृती चालवून घेतली तर! सोबत १२ व्होल्टचा ॲडॅप्टर आला असेल, तर स्पीकरच्या टोकांवर जास्तीत जास्त १२ व्होल्टचं शिखर मिळतं. व्होल्टचा वर्ग करा, ओहमच्या दुपटीने भागा. ८ ओहमला जेमतेम ९ वॉट! २४ व्होल्टचा ॲडॅप्टर लावला तर हाच हिशेब ३६ वर जातो. ‘पीएमपीओ ५००० वॉट’ लिहिलेल्या टेपरेकॉर्डरच्या जमान्यात हे गणित कुणी केलं असतं, तर दुकानदारांची पंचाईत झाली असती.

पण ९ वॉट म्हणजे थोडे, असंही नाही. स्पीकरच्या मागे संवेदनशीलता लिहिलेली असते, उदाहरणार्थ ८६ डेसिबल. म्हणजे १ वॉट दिला की १ मीटरवर ८६ डेसिबल आवाज. वॉट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात आणि आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. क्वार्टरच्या बैठकीत आपण ऐकतो तो आवाज सरासरी सत्तर-पंचाहत्तर डेसिबलचा, त्यासाठी वॉटचा एक अंश पुरतो. उरलेली ताकद लागते ती तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक उसळीला. ८६ ऐवजी ९२ डेसिबलचा स्पीकर घेतला, तर तेवढ्याच आवाजाला पावच वॉट लागतात. तेव्हा पैसे ॲम्पच्या वॉटवर घालण्याआधी हा आकडा बघावा. यातही एक मेख आहे. हल्ली बरेच उत्पादक १ वॉटऐवजी २.८३ व्होल्टवर मोजतात. ८ ओहमला ते बरोबर १ वॉट होतात, ४ ओहमला मात्र २ वॉट, आणि कागदावर ३ डेसिबल फुकटात वाढतात.

आता ओहम. ‘ॲम्प ८ ओहमचा, स्पीकरही ८ चा, म्हणजे जुळलं’ असं सर्रास बोललं जातं. टेलिफोनच्या लायनीत दोन्ही टोकं सारखी ठेवायची पद्धत होती, इथे ती लागू नाही. ट्रान्झिस्टर ॲम्पचा स्वतःचा आतला रोध ओहमच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. ॲम्प व्होल्टेज पुरवतो, करंट किती ओढायचा हे स्पीकर ठरवतो. जुळणी म्हणजे इतकंच, की तो करंट ॲम्पला झेपला पाहिजे.

आणि ८ ओहम हा आकडाही नावापुरता. १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी जी चल-कॉइलची रचना मांडली, तीच आजही बहुतेक स्पीकरमध्ये आहे. चुंबकात हलणारी कॉइल जनित्रासारखी उलटं व्होल्टेजही तयार करते. अनुनादाच्या सुराला हे व्होल्टेज सर्वांत जास्त असतं, तिथे ८ ओहमचा स्पीकर तिसाच्याही वर जातो. छोट्या पेट्यांत इम्पिडन्सचा, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणाऱ्या रोधाचा, हा डोंगर बऱ्याचदा तिथेच येतो, जिथे काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज असतो, सुमारे ६९ हर्ट्झवर. त्याच्या थोडं पुढे इम्पिडन्स घसरून सहा-सातवर येतो. ॲम्पची परीक्षा त्या दरीत होते.

मल्टिमीटरने तपासलं तर ८ ओहमचा स्पीकर ६ च्या आसपास दाखवतो. तो बिघडलेला नसतो. मीटर फक्त तांब्याच्या तारेचा रोध मोजतो. तोही ऋतूप्रमाणे बदलतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, त्यामुळे जानेवारीच्या १५ अंशांत ६ ओहम दाखवणारी कॉइल मे महिन्यात ४५ अंशांना ६.७ दाखवेल. जोरात वाजवताना कॉइल आणखी शंभर अंशांनी तापली, तर रोध चाळीसेक टक्के वाढतो. मग आवाजाची मूठ फिरवली तरी आवाज तितका वाढत नाही.

उन्हाळ्यात ॲम्पचंही तेच. त्याची उष्णता बाहेर टाकायला हवा गार हवी आणि इथे हवाच तापलेली! अशा वेळी त्याच्यावर क्रोशाचा रुमाल अंथरणं म्हणजे शुद्ध छळ आहे. त्यात ४ ओहमचे स्पीकर जोडले, की करंट दुप्पट.

मामांच्या भीतीचं उत्तर इथे येतं. स्पीकर बऱ्याचदा लहान ॲम्प तोकडा पडल्यामुळेही जळतात. ९ वॉटच्या ॲम्पमधून २० वॉट ओढायला गेलं, की लहरींची शिखरं कापली जातात. पूर्ण चौकोनी झालेली लहर त्याच उंचीच्या गोल लहरीच्या दुप्पट शक्ती वाहते. शिवाय कापलेल्या कडांमधून उंच स्वरांचा भरणा होतो आणि तो नाजूक ट्विटरच्या वाट्याला येतो. आवाज खरखरला की मूठ मागे घ्यावी.

वायर बारीक वापरू नये. अर्ध्या चौरस मिलिमीटरची दहा मीटर वायर जाऊन-येऊन ०.७ ओहम खाते, अडीचची फक्त ०.१४. कमी रोध असला की ॲम्प कॉइलला ब्रेक लावू शकतो आणि डग्ग्याचा घुमारा सैल पडत नाही. दोन्ही स्पीकरचे लाल-काळे सारखे लागलेत का, हे पेन्सिल सेलने कळतं. वायर ॲम्पपासून सोडवून सेलचं धन टोक लालला क्षणभर टेकवा. वूफर बाहेर आला तर जोडणी सरळ.

आतल्या खोलीतही एक जोडी हवी असेल, तर ८ ओहमचे दोन स्पीकर एका चॅनलवर समांतर जोडले की ४ ओहम होतात. ॲम्पच्या मागे किमान ४ ओहम लिहिलं असेल तरच असं करावं. तिसरी जोडी नको.