कंटेनर आणि माउंटबंदी

अनेक व्यवसायांच्या आज्ञावली आज एकाच संगणकावर शेजारी शेजारी चालतात. प्रत्येकीला जी वेगळी जागा आखून दिलेली असते, तिला कंटेनर म्हणतात. वाड्यातील बिऱ्हाडांसारखीच ही व्यवस्था आहे. बिऱ्हाडे निराळी, पण जोते एकच. संगणकात हे जोते म्हणजे कर्नल, अर्थात कार्यप्रणालीचा गाभा. तेव्हा इथल्या भिंती विटांच्या नव्हेत, कर्नलने पाळलेल्या नियमांच्या आहेत, हे श्रोत्यांनी आधी ध्यानात घ्यावे.

युनिक्स कुळातील प्रणालींत डिस्क नुसती लावून भागत नाही. तिच्यावरील फायलींची मांडणी कर्नलकडून वाचवून ती आपल्या फायलींच्या वृक्षाला एखाद्या ठिकाणी जोडावी लागते. या जोडण्यालाच माउंट करणे म्हणतात. हा अधिकार मुळात 'रूट' या सर्वाधिकारी वापरकर्त्याचा. आता कंटेनरच्या आतही एक रूट असतो. मग त्याला हा अधिकार का असू नये?

कारणे तीन आहेत. कंटेनरला यजमान संगणकाची डिस्क जोडून घेता आली, तर शेजाऱ्याचे कपाटच त्याच्यापुढे उघडे पडते. दुसरे असे की, चालवणाऱ्याला रूटचे अधिकार देणाऱ्या फायली बाहेरून आणलेल्या डिस्कवर आधीच पेरून ठेवता येतात. तिसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. डिस्कवरील मांडणी वाचतो तो कर्नल. ती मांडणी कोणी मुद्दाम बिघडवून दिली, तर वाचताना होणारी चूक कर्नलच्या पोटात होते. आणि जोते खचले की सारीच बिऱ्हाडे खचतात.

डेन्मार्कचे पोउल-हेनिंग काम्प यांनी घडवलेली 'जेल' ही सोय २००० साली फ्रीबीएसडी ४.० बरोबर आली. तिचा आजचा नियम सरळ आहे: जेलमधील रूटला माउंट करता येत नाही. बाहेरच्या व्यवस्थापकाने स्पष्ट परवानगी दिली तरच ते जमते, आणि तेही नेमून दिलेल्या प्रकारांपुरतेच.

लिनक्सने २०१३ साली सामान्य वापरकर्त्यालाही स्वतःची खोली काढून तिच्यापुरते रूट होण्याची मुभा दिली. या रूटलाही निवडक प्रकारच माउंट करता येतात. तरीही जानेवारी २०२२ मध्ये एक भेग उघडकीस आली. माउंटसोबतच्या सूचनांची लांबी तपासताना कर्नल एक वजाबाकी करी. उत्तर शून्याखाली गेले, की ऋण संख्येला तिथे जागाच नसल्यामुळे ते प्रचंड मोठी धन संख्या होऊन बसे, आणि मर्यादा ओलांडल्याचे तपासणीला कळत नसे. २०१९ पासून कर्नलमध्ये असलेल्या या दोषातून कंटेनरबाहेर निसटता येत होते. ज्यांनी कंटेनरच्या आत नवी खोली काढण्याची मागणीच आधी रोखून धरली होती, त्यांच्याकडे ही वाट बंद राहिली.

यावरून व्यवहाराचा नियम निघतो. लागणारी साठवण कंटेनर सुरू होण्यापूर्वी बाहेरून जोडून द्यावी. वाचनापुरती गरज असेल तर वाचनापुरतीच द्यावी. आणि पेरलेल्या अधिकारांच्या फायलींकडे कर्नलने दुर्लक्ष करावे, अशी अट घालावी. काम अडले की कंटेनरला सर्वाधिकार देऊन मोकळे होण्याचा मोह फार होतो. पण ती सवलत एका बिऱ्हाडाला मिळते आणि तिचा धोका मात्र सबंध वाड्याला पत्करावा लागतो.