बन्सेनचा बर्नर, डेसागाचा हात

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला बन्सेन हे नाव पहिल्याच दिवशी कळते; पेटर डेसागा हे नाव बहुधा कधीच कळत नाही. १८५२ साली रॉबर्ट बन्सेन हायडेलबर्गला प्राध्यापक म्हणून आले. पुढे नव्या प्रयोगशाळेत दगडी कोळशाचा वायू आला, पण त्या काळच्या बर्नरांची ज्योत त्यांना पसंत पडेना. जळण्यापूर्वीच वायूत हवा मिसळावी, ही कल्पना बन्सेन यांची. तिला पितळेचे रूप दिले ते विद्यापीठाचे यंत्रकार डेसागा यांनी. बन्सेन यांनी पेटंट घेतले नाही. त्याच जवळजवळ रंगहीन ज्योतीच्या आधारे १८६० मध्ये त्यांनी व किरखॉफ यांनी सीझियम शोधले. मग या बर्नरातला तज्ज्ञ कोणता?

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा. ज्योतीविषयी बोलण्याचा त्याला अधिकार नाही. परंतु एक प्रसंग त्याने पाहिला आहे. एका महाविद्यालयात जुने बर्नर सिलिंडरच्या वायूवर जोडले गेले आणि परीक्षानळ्या काजळीने काळ्या होऊ लागल्या. विभागप्रमुखांनी दोष वायूच्या शुद्धतेवर ठेवला. प्रयोगशाळेतील परिचर, ज्यांना सारे मामा म्हणत, अदबीने म्हणाले, "सर, वायू ठीक आहे. जेटचे भोक मोठे आहे. या वायूला बारीक लागते." प्रमुखांनी पदवी पुढे केली नाही, "एक बदलून पाहू," एवढेच म्हणाले. जेट बदलला, ज्योत निळी झाली.

परंतु गोष्ट इथेच संपवली तर ती खोटी ठरेल. पुढे एका बर्नरची ज्योत वारंवार नळीच्या आत उतरू लागली, तेव्हा मामांनी पितळ सदोष ठरविले. प्रमुखांनी समजावले की, मिश्रणाच्या वेगापेक्षा ज्योतीचा वेग जास्त झाला की असे होते. वायू बंद करा, नळी निवू द्या, हवेची छिद्रे थोडी झाका आणि मग पेटवा. मामांनी तसे केले, आणि ते खरे निघाले.

आपल्याकडे मतभेद म्हटला की एक पक्ष पदवीचा दाखला देतो, दुसरा "आम्हाला तीस वर्षांचा अनुभव आहे" असे ऐकवतो. दोघेही बर्नरकडे पाहत नाहीत. कामाच्या वाटणीत ज्ञानाचीही वाटणी होते, हे अर्थशास्त्राने फार पूर्वी ओळखले. व्यवहारात मात्र आपण ज्ञानाची उतरंड मांडतो आणि वेतनश्रेणीलाच तिची पायरी समजतो. पदवीला मान द्यावा, पण तिने प्रश्न बंद करू नये. उलट, "मलाही तेवढेच कळते" एवढ्या बळावर अभ्यासाला खोटे पाडणे हाही तेवढाच उद्दामपणा आहे.

मामा निवृत्त झाले. त्यांची जागा रिकामी आहे, आणि जेटांचा डबा कोणत्या कपाटात आहे, हे आता कोणालाच ठाऊक नाही.