गिअरबॉक्सचा भुर्दंड

नाशिकहून सिन्नरला येताना मोहदरीचा घाट लागतो. आज रस्ता चौपदरी आहे आणि घाट कधी सरला ते कळतही नाही. तो दुपदरी होता तेव्हा मात्र पुढे एखादा भरलेला ट्रक लागला की मागच्या सगळ्या गाड्या पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत वर यायच्या. क्लच तापल्याचा जळका वास काचा बंद असल्या तरी आत यायचा. तरीही त्या काळात गिअरबॉक्स गेला म्हणून कुणी सोने गहाण ठेवल्याचे किंवा पतसंस्थेचे कर्ज काढल्याचे मी कधी ऐकले नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत हे ऐकू येऊ लागले. गाडी अजून हप्त्यावर असते, साठ-सत्तर हजार किलोमीटरच्या पुढे गेलेली नसते, वॉरंटी नुकतीच संपलेली असते, आणि वर्कशॉपवाला लाखाच्या पुढचा अंदाज हातात ठेवतो. मालक आधी चिडतो, मग हताश होतो, आणि शेवटी गाडी मिळेल त्या किमतीला काढून टाकतो.

हे एकाएकी झालेले नाही. चाळीस वर्षांत पायरीपायरीने इथवर आलो आहोत.

सुरुवात प्रीमियर पद्मिनी, ॲम्बेसेडर आणि जीपपासून करावी लागते. त्या गाड्यांचे गिअर काही लोण्यासारखे पडत नसत. पद्मिनीचा गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ, आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हाताला अंदाज लागे. गिअर उडायचा, सिंक्रो रिंग झिजायची, क्लच प्लेट बसायची. सिन्नर-नाशिक फेऱ्या मारणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये तर माणसे कोंबून भरलेली असत, आणि तिची क्लच प्लेट किती दिवस टिकेल हे मालकाला अनुभवाने ठाऊक असे. बिघाड भरपूर होते, पण ते गावात निस्तरत. पुणे रस्त्यावर ट्रकची वर्दळ असल्याने मिस्त्री तयार झाले होते. गिअरबॉक्स उतरवायचा, फळीवर उघडायचा, दात तुटलेला तेवढा गिअर किंवा वाजणारे बेअरिंग बदलायचे आणि संध्याकाळपर्यंत गाडी हातात द्यायची, असा हिशोब असे. त्यात मुसळगावची सहकारी औद्योगिक वसाहत आणि माळेगावची एमआयडीसी जवळ, म्हणजे लेथ हाताशी. एखादा शाफ्ट घासून, बुश नवा करून काम भागे. सातपूरला महिंद्राचा कारखाना असल्याने या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग घडवणारे हात आधीपासून आहेत. गावातल्या मिस्त्रीला पुढे गिअरबॉक्स उघडता येईनासा झाला, हे मला सर्वात जास्त सलते ते याच कारणाने.

1983च्या डिसेंबरात मारुती 800 आली. गिअर हलके झाले, बिघाड कमी झाले आणि गावातल्या मिस्त्रीने तीही गाडी वर्ष-दोन वर्षांत आत्मसात केली. 1994ची सुमो, 1998च्या शेवटी आलेली इंडिका, 2000ची बोलेरो या गाड्यांच्या बाबतीतही तेच घडले. पहिल्या इंडिकाबद्दल तक्रारी खूप झाल्या आणि 2001मध्ये टाटांनी व्ही-टू आणून त्यातल्या बऱ्याच दूर केल्या. मालक रागावत होते, पण दुरुस्ती त्यांच्या आवाक्यात होती.

खर्चाची पहिली उडी ऑटोमॅटिकमुळे आलेली नाही. ती नव्या डिझेल इंजिनांबरोबर आली. या इंजिनांची ताकद वाढली, तसे झटके आणि कंपनही वाढले. ते गिअरबॉक्सपर्यंत पोचू नये म्हणून अनेक गाड्यांत दोन भागांचे, मधे स्प्रिंगा असलेले फ्लायव्हील बसवले गेले. ते झिजले की नुसती क्लच प्लेट बदलून भागत नाही. जुने फ्लायव्हील लेथवर घासून वापरता येत असे, हे येत नाही. काही हजारांत होणारे काम एकदम कितीतरी पटींनी महाग झाले. ज्याने गाडी घेताना फक्त मायलेज विचारले होते त्याला हे कुणी सांगितलेले नव्हते.

मग 2014 साल उजाडले. फेब्रुवारीत मारुतीची सेलेरिओ आली आणि ऑटोमॅटिक गाडी मध्यमवर्गाच्या अंगणात उभी राहिली. तोवर ऑटोमॅटिक म्हणजे शहरातल्या श्रीमंतांचे काम होते. सेलेरिओतली एएमटी मात्र चाळीसेक हजार जास्त देऊन मिळत होती आणि मायलेजही कमी होत नव्हते. सिन्नरात ती कुणी घेतली? गुडघे दुखणाऱ्या निवृत्त शिक्षकांनी, नव्याने गाडी शिकलेल्या महिलांनी, रोज नाशिकला नोकरीसाठी जाणाऱ्यांनी. त्यांचा निर्णय चुकीचा होता असे मी मुळीच म्हणणार नाही. एएमटीत गिअरबॉक्स नेहमीचाच असतो, फक्त क्लच दाबायचे आणि गिअर बदलायचे काम माणसाऐवजी ॲक्च्युएटर करतो. चढावर ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर गाडी रोखून धरली की क्लच घासत राहतो. डावा पाय मोकळा असल्यामुळे चालवणाऱ्याला ते जाणवतही नाही. ही एवढी एक गोष्ट शोरूममध्ये चावी देताना नीट समजावली असती तर कितीतरी क्लच वाचले असते.

एएमटी तरी सोपी. खरा भुर्दंड ड्युअल क्लचचा. यात क्लच दोन. एकावर पहिला, तिसरा, पाचवा असे विषम गिअर, दुसऱ्यावर सम. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार असतो, म्हणून गाडी क्षणात गिअर बदलते. मोकळ्या रस्त्यावर याच्यासारखे सुख नाही. पण छोट्या गाड्यांत जे स्वस्त प्रकार आले त्यांतले बरेचसे क्लच कोरडे, म्हणजे तेलात न बुडणारे. गाडी रांगू लागली की ते तापतात. आणि हे सगळे चालवणारा मेकाट्रॉनिक नावाचा भाग, ज्यात तेलाच्या झडपा आणि इलेक्ट्रॉनिक्स एकाच ठोकळ्यात असतात, तो बिघडला की वर्कशॉपमध्ये उघडत नाहीत, अख्खा बदलतात. रामनवमीला मुंबईच्या साईपालख्या घोटी-सिन्नर रस्त्याने शिर्डीला निघाल्या की त्यांच्यामागे गाड्या तासन्‌तास इंचाइंचाने सरकतात. अशा रस्त्यावर, एप्रिलच्या उन्हात, कोरड्या क्लचचे काय होत असेल याची कल्पना मिस्त्री नसलेल्यालाही करता येईल.

जगात हे आधीच घडून गेले होते. फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या डीएसजी या ड्युअल क्लच गिअरबॉक्सबद्दल चीनमध्ये एवढा गदारोळ झाला की 2012मध्ये कंपनीने तिथे या गिअरबॉक्सची वॉरंटी 10 वर्षे किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर केली. 2013च्या मार्चमध्ये तिथे 3,84,181 गाड्या परत बोलावल्या गेल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात जगभरातल्या सुमारे 16 लाख गाड्यांच्या गिअरबॉक्समधले सिंथेटिक तेल काढून खनिज तेल भरायचे ठरले. हवा उष्ण-दमट आणि रस्त्यावर सतत थांबत-थांबत चालणे असेल, तिथे ते तेल त्रास देत होते. याच 2013मध्ये भारतात सात गिअरच्या डीएसजीची पोलो जीटी टीएसआय आणि पॉवरशिफ्ट या ड्युअल क्लच गिअरबॉक्सची फोर्ड इकोस्पोर्ट विक्रीला आली.

फोर्डच्या या पॉवरशिफ्टचा निकाल ऑस्ट्रेलियात लागला, आणि तो प्रत्येक गाडीमालकाने लक्षात ठेवावा असा आहे. तिथल्या फेडरल कोर्टाने 2018मध्ये फोर्डला 1 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्टच्या मालकांनी गाडी हिसके देते, थरथरते अशा तक्रारी केल्या तेव्हा तुमची चालवण्याचीच पद्धत चुकते असे त्यांना सांगितले गेले होते. कंपनीला मात्र दोष ठाऊक होता.

“तुम्ही हाफ क्लचवर चालवता.” हे वाक्य नाशिकच्या वर्कशॉपमध्ये ऐकले नाही असा सिन्नरचा गाडीमालक शोधून काढावा लागेल. काही वेळा ते खरेही असते. पण तपासणी होण्याआधीच ते उच्चारले जाते, आणि ऐकणाऱ्याकडे ते खोडून काढायला काहीच नसते. लॅपटॉप वर्कशॉपचा, त्यावर उमटलेला कोड त्यांना कळतो, निदानही त्यांचेच.

छोट्या गावाच्या मालकाला इथे दुहेरी मार बसतो. अधिकृत वर्कशॉप तीसेक किलोमीटरवर. गाडी बंद पडली तर टोचन लावून किंवा क्रेनवर न्यायची. दर सर्व्हिसला एक दिवस मोडतो, म्हणून मधली एखादी सर्व्हिस, एखादे ऑइल ओळखीच्या गॅरेजात होते. मग मोठा बिघाड निघतो तेव्हा त्याच एका चुकलेल्या शिक्क्यावर बोट ठेवून वाढीव वॉरंटीचा दावा फेटाळला जातो. विमा कामी येत नाही, कारण झीज आणि यांत्रिक बिघाड नेहमीच्या पॉलिसीत वगळलेले असतात. इंजिन प्रोटेक्टचे जास्तीचे पैसे भरले असले तरी ते पाणी शिरले किंवा खालून मार बसून तेल गळाले, अशा नुकसानीपुरते असते. राहिला गावातला मिस्त्री. त्याच्या हातात कसब आहे, पण कंपनीचा स्कॅनर नाही, सॉफ्टवेअर नाही, सुटा भाग मिळत नाही. ज्या तालुक्यात गाड्यांचे भाग तयार होतात तिथल्याच गॅरेजवाल्याला गिअरबॉक्स उघडता येऊ नये, ही माझ्या मते या सगळ्या प्रवासातली सर्वात मोठी हानी आहे.

कायदा या काळात झोपला नव्हता, पण प्रत्येक वेळी अर्ध्यावर थांबला. मारुतीविरुद्धच्या एका खटल्यात, ज्याचे मूळ क्लचच्या तक्रारीत होते, सर्वोच्च न्यायालयाने 2006मध्ये स्पष्ट केले की वॉरंटीने सदोष भाग बदलून मिळतो, अख्खी गाडी नव्हे. कायद्याच्या शब्दांत ते बरोबर असेल. पण तोच भाग तिसऱ्यांदा बदलावा लागणाऱ्याच्या मनस्तापाची किंमत त्यातून वसूल होत नाही. 25 ऑगस्ट 2014 रोजी स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून 2,544.65 कोटी रुपयांचा दंड केला. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणे ही स्पर्धेची गळचेपी आहे, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालता येणार नाही, असे आयोगाने बजावले. सिन्नरच्या गॅरेजवाल्यासाठी याहून मोठा आदेश झालेला नाही. कंपन्या अपिलात गेल्या आणि स्कॅनर काही गावात आला नाही. 24 डिसेंबर 2022ला केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, त्यात वाहने आहेत. तिथली माहिती कामाची आहे, पण तिने कुणावर सक्ती होत नाही.

गाड्या परत बोलावण्याचा कायदा 2019च्या दुरुस्तीने आला आणि त्याचे नियम 1 एप्रिल 2021पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाड्या आणि 1 कोटीपर्यंत दंड, इतपत तो कडक आहे. त्या चौकटीत काम होते हेही दिसले आहे. फेब्रुवारी 2024मध्ये सीव्हीटी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलपंपाच्या कंट्रोलरसाठी ह्युंदाईने क्रेटा-व्हर्नाच्या 7,698 आणि किआने सेल्टोसच्या 4,358 गाड्या परत बोलावल्या आणि तो भाग मोफत बदलला. मात्र या कायद्याचा निकष धोका हा आहे. पर्यावरणाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना इजा होईल असा दोष हवा. चार वर्षांत निकामी होऊन कुटुंबाची वर्षभराची बचत खाणारा गिअरबॉक्स त्यात बसेलच असे नाही. 22 सप्टेंबर 2025पासून सुट्या भागांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18वर आला, तेवढा दिलासा मिळाला.

उपाय अवघड आहे असे मला वाटत नाही, कारण तो याच उद्योगाने दुसरीकडे केला आहे. 2020च्या जानेवारीत टाटांची नेक्सॉन ईव्ही आली तेव्हा बॅटरीवर 8 वर्षे किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची वॉरंटी होती, आणि पुढे इतरांनीही जवळपास तोच पायंडा पाडला. महाग, उघडता न येणारा भाग विकायचा तर त्याची जोखीम विकणाऱ्याने घ्यायची, हे बॅटरीच्या बाबतीत सगळ्यांनी मान्य केले. मेकाट्रॉनिक आणि ड्युअल क्लचही तसेच महाग, तसेच बंद. चीनच्या ग्राहकाला 10 वर्षे आणि 1 लाख 60 हजार किलोमीटर मिळू शकतात, तर भारतात गिअरबॉक्सवर आठ वर्षांची वॉरंटी कायद्याने सक्तीची करायला हरकत कुणाची आणि का? माझे मत ठाम आहे: ती झालीच पाहिजे, आणि स्पर्धा आयोगाचा 2014चा आदेश प्रत्यक्ष गॅरेजापर्यंत पोचलाच पाहिजे.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करावे. प्रत्येक जॉब कार्ड आणि बिल जपून ठेवा. पहिला हिसका जाणवला की वॉरंटी चालू असतानाच तक्रार लेखी नोंदवा. तोंडी सांगितलेले पुढे टिकत नाही. चालवण्याची चूक आहे असे म्हणाले तर तेही लेखी मागा, आणि बदललेला जुना भाग दाखवायला सांगा. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायला पैसे लागत नाहीत. तिथे तड लागली नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. 50 लाखांपर्यंतच्या खरेदीची प्रकरणे तिथेच चालतात, 10 ते 20 लाखांच्या गाडीसाठी शुल्क 400 रुपये आहे आणि वकील लावलाच पाहिजे असे नाही. दोष उत्पादनातला आहे हे ठरवायला आयोग तज्ज्ञांची तपासणी मागवू शकतो, म्हणून गिअरबॉक्स बदलून जुना भंगारात जाण्याआधी अर्ज करा. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षांची आहे. वर्कशॉपच्या आश्वासनांवर ती संपू देऊ नका.