स्पीड भारी, पण पिंगचं काय?

शंभर एमबीपीएसचा प्लॅन, तरी मॅचमध्ये सगळ्यात आधी आपणच आउट! कारण गेमिंगमध्ये स्पीडपेक्षा पिंग महत्त्वाचा. पिंग म्हणजे आपला सिग्नल सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ.

त्र्यंबकेश्वरचाच हिशोब करू. ‘व्हॅलोरंट’चा सर्व्हर मुंबईत आहे, इथून दोनशे किलोमीटरच्या आत. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर धावतो. म्हणजे जाऊन-येऊन जेमतेम 2 मिलिसेकंद! बाकीचा वेळ जातो तो वाटेतल्या राउटरमध्ये.

आता उपग्रह. भूस्थिर उपग्रह असतो 35,786 किलोमीटरवर. सिग्नल वर-खाली, पुन्हा वर-खाली जाईपर्यंत जवळपास अर्धा सेकंद संपतो. तोवर समोरच्याने हेडशॉट मारलेला असतो. स्टारलिंकचे उपग्रह मात्र साधारण 550 किलोमीटरवर फिरतात. तिथे पिंग बहुतेकदा 25 ते 60. खेळता येतं, पण मध्येच पिंग उडी मारतो आणि त्र्यंबकसारखा मुसळधार पाऊस असेल, तर सिग्नलही ढेपाळतो.

थोडक्यात, फायबर मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. प्रश्न आहे तो केबल न पोचलेल्या पाड्यांचा. अशाच दुर्गम भागांसाठी राज्य सरकारने नोव्हेंबर 2025मध्ये स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सही केली. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिमची नावं आहेत. तिथल्या पोरांसाठी पिंग हा फक्त गेमचा नाही, ऑनलाइन इंटरव्ह्यूचाही प्रश्न आहे.

आणि हो, नवा प्लॅन घेण्याआधी वायफाय सोडून लॅन केबल लावून बघा. कधी कधी अडचण आकाशात नसते, आपल्याच घरातल्या भिंतीत असते!